सुरुंग काढणारा मी नव्हतो

फौजेतून सुटून उमरोळीला परत आलो तेव्हा जो तो एकच विचारायचा, किती मारले? मी शत्रूचा एकही माणूस जवळून पाहिला नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या इंजिनिअर पलटणीने पंजाबच्या सीमेवर शेतांमध्ये सुरुंग पेरले आणि लढाई संपल्यावर ते काढायलाही आम्हालाच लावलं. लढाई दोन आठवड्यांत आटोपली. काढण्याचं काम महिनोन् महिने चाललं. माझ्या वाट्याला जी काही भीती आली ती शांतता झाल्यावरची.

पोटावर झोपून, संगीन तिरकी खुपसत जमीन चाचपायचे ते आमचे उस्ताद. साताऱ्याकडचे हवालदार, अगदी मितभाषी. मी त्यांच्या बराच मागे नकाशाचा कागद धरून उभा. कुठल्या खुणेपासून किती अंतरावर सुरुंग आहे ते वाचून सांगायचं, एवढंच माझं काम. पण बोईसरला एका कारखान्यात वॉचमन लागलो, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागलो, तेव्हा कागद धरणाऱ्याची गोष्ट कोण ऐकणार? गोष्टीत पोटावर मी झोपू लागलो. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, पुढे ती माझीच गोष्ट झाली. लोकांना इतकी आवडायची की नव्या माणसाला मुद्दाम आणून माझ्यासमोर बसवत. एक भाग मात्र मी कधीच सांगितला नाही. कालव्याचं पाणी शिरून एक सुरुंग जागेवरून सरकला होता. कागदावर होतं ते मी बरोबर वाचलं, आणि उस्तादांचा डावा हात मनगटापासून गेला.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, पाम गावाच्या रस्त्याला पाण्याच्या पाइपसाठी चर खणत होते. दुपारी त्या कामावरचा मुकादम सायकलवरून धापा टाकत टपरीवर आला. चरात बॉम्ब निघालाय, म्हणाला. एका बाईचा पाय त्याच्यावर पडला, आणि पाय उचललास तर उडेल असं कोणीतरी ओरडलं, म्हणून ती तशीच उभी आहे. पोलिसांना आणायला माणूस गेलाय, पण ते येणार कधी? तो उत्तरेकडचा, हिंदीत बोलत होता. फौजीसाब, आपने तो सौ निकाले हैं, असं त्याने सगळ्यांदेखत म्हटलं. नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. टपरीवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी सायकलच्या कॅरियरवर बसलो.

मजूर लांब बांधापलीकडे जाऊन बसले होते. चरात ती एकटी. जव्हारकडून कामाला आलेली, पंचवीस-सव्वीस वर्षांची. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, उजव्या पायाची मांडी थरथरत होती. टाचेखाली गंजलेल्या लोखंडाची गोल कड दिसत होती. मुकादम मागेच थांबला.

सुरुंग पाय उचलायची वाट बघत नाही, पाय पडताच उडतो, हे मला ठाऊक होतं. शिवाय कडेवर टिकावाचा ताजा ओरखडा होता, म्हणजे घाव बसूनही काही झालं नव्हतं. पाय काढ एवढंच सांगायचं होतं. पण हा सुरुंगच आहे कशावरून, दुसरा कसला बॉम्ब असला तर? इथे काही नाही असं एकदा मी उस्तादांना सांगितलं होतं, कागद बघून. 

"पाय काडू का नको, तेवडं सांगा," ती म्हणाली.

"बाई, मी कधी सुरुंग काढलेला नाही. मी नुसता कागद धरायचो. काढणारा दुसरा होता."

 ती म्हणाली, "त्याला बोलवा ना."

"त्याचा हात गेला."

हे मी गावाकडे पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो. ती म्हणाली, "तुमी त्याला काडताना बघलाय का नाय? मंग तसंच करा. माजा पाय आता ऱ्हायचा नाय."

मी चराकाठी पडलेली एक बारीक सळई घेतली आणि चरात पोटावर झोपलो. उस्ताद श्वास सोडताना सळई पुढे ढकलत, म्हणून मीही तसंच केलं. ते कोपर जमिनीला टेकवून ठेवत. मीही टेकवलं. तिची भेगाळलेली टाच माझ्या डोळ्यांपासून वीतभर होती. तिचा घाम माझ्या मानेवर पडत होता. कडेची माती बोटांनी थोडी थोडी बाजूला केली. मधेच सळई कशावर तरी खट्कन वाजली आणि आम्ही दोघंही श्वास रोखून राहिलो. काही झालं नाही. बोट आत घातलं तर खाली पोकळी लागली, मग एक आडवा दांडा, पुढे दुसरा. मधे भोक. विहिरीच्या रहाटाचं जुनं, बिडाचं चाक होतं ते.

पाय काढा म्हणालो. तिला काढता येईना, तो बधिर झाला होता. शेवटी दोन्ही हातांनी मीच तिचं पाऊल उचललं. चाक आहे हे बोटांना कळलं होतं, तरी उचलताना माझे डोळे गच्च मिटले होते.

मजूर हसत धावत आले. ती हसली नाही, चराच्या काठावर बसून पोटरी चोळत राहिली. मी सळई मुकादमाकडे नेऊन दिली. परत आलो तोवर तिने घमेलं उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर बॉम्बची गोष्ट तयारच होती, फक्त माझी वाट बघत होते. मी चाकाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं, हाताचंही सांगितलं. दोघं-तिघं चहा अर्धा टाकून उठले. टपरीवाल्याने एवढंच विचारलं, की त्यानंतर मी उस्तादांना भेटायला कधी गेलो होतो का. गेलो नव्हतो.

गणपतीत रजा काढून गेलो. उस्ताद शेताच्या कडेला राहत होते, दोन म्हशी होत्या, एका हाताने धार काढत. त्यांची गोष्ट मी माझी म्हणून सांगत आलो, हे पहिल्या दिवशी सांगवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.  ते म्हशींना वैरण टाकायला उठले, आणि पेंढ्याच्या भाऱ्याची गाठ सोडायला मला हाक मारली.