आतलं हँडल बाकी

मुन्झिरच्या बापाला जड करंटने नेलं. बर्फाच्या कारखान्यात मेन बोर्ड उघडून तो बसला होता आणि कोणीतरी बाहेरून खटका वर केला. मुन्झिर तेव्हा चौदाचा. दफन उरकल्यावर आईने बापाची पकड, टेस्टर आणि स्क्रूड्रायव्हर फडक्यात बांधून त्याच्यापुढे ठेवले.

"दुसरा धंदा शिकवायला माझ्याकडे कोणी नाही," ती म्हणाली. "हाच कर. पण ज्या तारेने माणूस मरतो, तिला हात लावायचा नाही. शपथ घे."

त्याने घेतली. म्हणून तो हलक्या करंटचा झाला.

हलका करंट म्हणजे टेलिफोन, इंटरकॉम, कॅमेरे, आपोआप सरकणारी फाटकं, विजेची कुलपं. बारा व्होल्ट, चोवीस व्होल्ट. तार जिभेला लावली तर चावते, मारत नाही. त्रिपोलीतले जड करंटवाले या लोकांना जरा कमीच लेखतात. चहाच्या टपरीवर मुन्झिर दिसला की कोणीतरी हाक मारणारच, "काय रे हलक्या, आज किती घंट्या वाजवल्यास?"

"तुझ्या मयताची बातमी माझ्याच तारेवरून जाणार आहे," मुन्झिर म्हणायचा. "तेव्हा विचार."

त्याला काम शिकवलं आर्तिन उस्तादने. या आर्मेनियन म्हाताऱ्याचा जन्म टेलिफोनच्या तारांत गेला होता. तार ओढताना ती खेचायची नाही, चालवायची. वळणावर चार बोटांची जागा सोडायची. टोकाला हातभर तार राखायची, म्हणजे पुढच्याला पुरेल. आणि तारांच्या जोडांच्या पेटीचं झाकण लावण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायचं: तारीख, नाव, काय केलं, काय बाकी.

"शाईने का नाही?" पोरवयात मुन्झिरने विचारलं होतं.

"शाई उडते. पेन्सिल तुझ्यामागे उरते," आर्तिन म्हणाला. "आणि खोटं लिहू नको. पेटी उघडणारा तुझ्यासारखाच घामाघूम झालेला असतो. त्याला फसवलंस तर त्याचा दिवस जातो."

चव्वेचाळीस वर्षं मुन्झिरने हे पाळलं. शहरात त्याच्या हातच्या शेकडो पेट्या असतील. प्रत्येकीच्या पोटात त्याचं बारीक, उभट अक्षर आहे.

मग देशातली वीज गेली. गेली म्हणजे दिवसातून दोन तास यायची, कधी तेवढीही नाही. लोकांनी गल्लीच्या जनरेटरची लाइन घेतली, तीही रात्री बारानंतर बंद. ज्यांना जमलं त्यांनी गच्चीवर सौर पत्रे आणि जिन्याखाली बॅटऱ्या मांडल्या. जिन्याखाली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

हाजी वफीकच्या इमारतीतही तसंच झालं. सात मजले, खाली लोखंडी दार. वर बारीक जाळी, खाली पत्रा. दाराला मुन्झिरनेच पूर्वी चुंबकाचं कुलूप लावलेलं. चुंबकाच्या कुलपाचा स्वभाव असा, की करंट आहे तोवर ते धरतं, करंट गेला की सोडतं. आगीच्या वेळी वीज गेली तर दार मोकळं व्हावं म्हणून ते तसं केलेलं असतं. पण जिथे वीज बावीस तास नसते, तिथे दार बावीस तास उघडं. कुलपाची बॅटरी दोन तास धरायची आणि मान टाकायची. एका महिन्यात तीन घरं फुटली. लिफ्टची मोटरसुद्धा चोरांनी काढून नेली.

हाजी वफीक इमारतीच्या समितीचा प्रमुख. त्याने मुन्झिरला बोलावलं.

"उस्ताद, कुलूप उलटं कर. वीज गेली की बंद राहिलं पाहिजे."

"तसलं कुलूप मिळतं हाजी. पण मग आतून हाताने उघडणारं हँडल लागतं. विजेशिवाय चालणारं. ते इथे नाही, मागवावं लागेल."

"मागव की. तोवर कुलूप लाव."

"हँडल नसताना?"

"आत बटण असेल ना? बटणाला बॅटरी दे. आणि किल्ली आहेच. सगळं शहर हेच करतंय, तू एकटाच शहाणा?"

सगळं शहर खरंच तेच करत होतं. मुन्झिरने स्वतःच्या हाताने तशी चार दारं केली होती. त्याने कुलूप बसवलं. बटण बसवलं, त्याची तार दुसरी वाट नव्हती म्हणून जिन्याखालून, बॅटऱ्यांच्या डोक्यावरून नेली. बाहेरून येणाऱ्याला घरच्यांनी वरून इंटरकॉमवर दार उघडून द्यायचं, त्याचीही तार तीच. दोन किल्ल्या निघाल्या. एक त्याने चौकीदाराला द्यायला काढली.

चौकीदार अबू जासिम सीमेपलीकडच्या रक्क्याकडचा, युद्धातून पळून आलेला. बायको आणि तीन मुलं घेऊन दाराबाहेर, गाड्यांच्या शेडलगतच्या एका खोलीत राहायचा. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात हाजीने मधेच किल्ली उचलली.

"याच्याकडे कशाला? उद्या त्याचे दहा चुलतभाऊ येतील."

अबू जासिमने पुढे केलेला हात पँटला पुसला. "हाजी, दहा नाहीत. सातच उरलेत," तो म्हणाला. हाजी हसला. मुन्झिरही हसला.

मग मुन्झिरने झाकणाच्या आत लिहिलं: तारीख. मुन्झिर. कुलूप बदललं. आतलं हँडल बाकी. किल्ल्या दोन, दोन्ही हाजींकडे. झाकण लावलं, चार स्क्रू आवळले.

दर आठवड्याला एकदा पहिल्या मजल्यावरच्या मिस नझीहा बाल्कनीतून त्याला हटकायच्या. बाई निवृत्त शिक्षिका, गुडघ्यांनी अधू, काठीशिवाय न चालणाऱ्या. अर्धं शहर त्यांच्याकडे पाढे शिकलेलं, मुन्झिरसकट.

"मुन्झिर, माझ्या दाराला मूठ कधी लावणार? ते बटण दाबताना वाटतं, कोणाची तरी परवानगी मागतेय."

"येतंय मिस. वाटेत आहे."

"गृहपाठ वाटेत आहे, असं तू चौथीतही सांगायचास."

हँडल आलं. पार्सल दुकानात पोचलं तेव्हा त्याने हाजीला फोन केला, "आलंय. उद्या येतो." उद्या एका दवाखान्याचा कॅमेरा बंद पडला. परवा पेट्रोल मिळालं नाही. नंतर एका लग्नाच्या हॉलचं काम निघालं, ते आधी करणं भाग होतं, कारण तारीख ठरलेली. हँडलला तारीख नव्हती. पार्सल दुकानातल्या फळीवर पडून राहिलं. एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी दुपारी जिन्याखालची एक बॅटरी फुगली आणि पेटली. आग मोठी नव्हती. धूर मोठा होता, काळा, घशाला धरणारा. वरच्या मजल्यांवरचे लोक गच्चीवर पळाले आणि वाचले. मिस नझीहांना गच्ची जमणारी नव्हती. पहिल्या मजल्यावरून त्या खाली आल्या, कारण बारा पायऱ्या उतरलं की दार होतं.

बटणाची तार तोवर जळून गेली होती.

अबू जासिम चौथ्या मजल्यासाठी भाकरी आणायला गेला होता. परत आला तेव्हा जाळीतून धूर येत होता आणि आतून काठी आपटण्याचा आवाज. त्याने जाळी दोन्ही हातांनी धरून ओढली, हात भाजेपर्यंत ओढली. पाचव्या मजल्यावरच्या हाजीच्या घराकडे बघून तो ओरडत राहिला, "किल्ली! हाजी, किल्ली!" हाजी वफीक डोंगरातल्या घरी होता. किल्ल्या त्याच्या पाचव्या मजल्यावरच्या खणात. बंबवाल्यांनी कटर लावून दार कापलं तोपर्यंत काठीचा आवाज थांबला होता.

बटण भिंतीत आत रुतलं होतं. इतक्या वेळा दाबलेलं.

दुसऱ्या दिवशी अबू जासिमला पोलीस चौकीवर नेलं. तिसऱ्या दिवशी हाजीने मुन्झिरला बोलावलं. जिना काळाठिक्कर पडला होता. कापलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं.

"तुझ्या तारा, पेटी, सगळं काढून घेऊन जा," हाजी म्हणाला. "तुझं नाव यात यायला नको. चावी अबू जासिमकडे होती, त्याने हरवली. तो चौकीदार, दार त्याचं. प्रकरण मिटलं."

"किल्ल्या तुमच्याकडे होत्या हाजी."

हाजी आवाज न चढवता म्हणाला, "आणि हँडल तुझ्याकडे."

मुन्झिर पेटीपाशी गेला. बाहेरून ती काजळीने माखलेली. चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं. आत पत्रा तसाच करडा आणि त्यावर त्याचं अक्षर, काल लिहिल्यासारखं. खिशात खोडरबर नव्हता. अंगठा होता. थुंकी लावून घासलं असतं तर एका मिनिटाचं काम. त्याने घासलं नाही. दाखवायलाही नेलं नाही. झाकण पिशवीत घातलं, घरी आणलं आणि पलंगाखाली सारलं.

झाकण आणल्यानंतर पहिल्या दिवशी तो दुकानात गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी गेला आणि फळीवरचं पार्सल घरी घेऊन आला. त्याच्या बायकोने, इब्तिसामने, ते उघडून बघितलं. पितळी हँडल, पिशवीत चार स्क्रू.

"हे कोणाचं?"

"मिस नझीहांच्या दाराचं."

तिने ते परत खोक्यात ठेवलं, फार हळू. "बसवायला किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं."

"रोज टपरीवर किती वेळ बसतोस?"

चूल विझवून ती आतल्या खोलीत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात अबू जासिमची बायको उभी होती. कडेवर धाकटी, हातात स्क्रूड्रायव्हर.

"हा तुमचा ना उस्ताद? कुलूप बसवलंत त्या दिवशी आमच्या खिडकीवर राहिला होता. काल त्यांना भेटले, तर म्हणाले, उस्तादांची वस्तू आहे, पोचती कर. तुम्हाला खोलीतून बाहेर काढलं तर सामानात जाईल, उगाच चोरीचा आळ येईल."

लाकडी मुठीचा. बापाचा. एवढे दिवस तो हरवलाय हेसुद्धा मुन्झिरच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कसा आहे तो?"

"हात बांधलेत. सही करता येईना, अंगठा घेतला."

"कसली सही?"

"किल्ली माझ्याकडून हरवली म्हणून. हाजी म्हणाले, तू अंगठा दे, मुलं खोलीत राहतील." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "किल्ली आमच्याकडे कधी नव्हती उस्ताद. तुम्हाला तर ठाऊक आहे."

ती एवढंच म्हणाली, उत्तर ऐकायलाही थांबली नाही. मुन्झिर दारात उभा राहिला, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत. मग आत जाऊन पलंगाखालून झाकण काढलं, पार्सल काखेत मारलं आणि चालत चौकीवर गेला.

तिथला अधिकारी तरुण होता. त्याने झाकण खिडकीच्या उजेडात धरलं आणि एकेक शब्द बोट ठेवून वाचला.

"अक्षर तुझं?"

"माझं."

"तू इंजिनियर?"

"नाही. हलका करंट."

"'बाकी' म्हणजे काय?"

"करायचं राहिलेलं काम."

"हे काय आहे?" त्याने पार्सलकडे बोट केलं.

"तेच ते. राहिलेलं."

अधिकाऱ्याने खोक्यावरची तारीख बघितली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मनात मोजलं. मग विचारलं, "हे तीन दिवसांपूर्वी का नाही आणलंस? त्याचा अंगठा काल झाला. कागद वर गेलेत. आता परत आणायला महिने लागतील."

"भ्यालो."

"कशाला?"

मुन्झिरने खोकं टेबलावर पुढे सरकवलं. "लिहा," तो म्हणाला, "काम चाळीस मिनिटांचं होतं. पार्सल एकोणीस दिवस पडून होतं. किल्ल्या हाजींकडे होत्या. चौकीदाराने काहीही हरवलेलं नाही. वाचून दाखवा, मग मी सही करतो."

अधिकाऱ्याने लिहिलं, वाचून दाखवलं. मुन्झिरने सही केली. त्याला घरी जाऊ दिलं नाही.

अबू जासिमला सुटायला अडीच महिने लागले. तोवर खोलीत दुसरा चौकीदार आला होता. बायको-मुलांना हाजीने पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं, कारण अंगठा वाया गेला होता. सुटल्यावर तो त्यांना घेऊन एका ट्रकमधून पूर्वेकडे गेला म्हणतात. त्याची उजवी मूठ पुरती मिटत नव्हती. पुढचं कोणाला माहीत नाही. हाजीने वकील मोठा केला. किल्ल्या सगळ्या समितीच्या जबाबदारीत होत्या असं ठरलं, म्हणजे कोणाच्याच नव्हत्या. मुन्झिर अकरा महिने आत होता. आपली चूक नाही असं तो एकदाही म्हणाला नाही, त्यामुळे त्याच्या वकिलाला फारसं कामच उरलं नाही.

सुटून आला त्या आठवड्यात तो इमारतीपाशी गेला. नवं दार होतं, नवं कुलूप, दुसऱ्या कोणाच्या हातचं. तार बऱ्यापैकी चालवलेली होती, वळणावर चार नाही तरी तीन बोटं सोडलेली. त्याने जाळीतून हात घातला. मनगट आरामात आत गेलं. बोटांना पितळ लागलं. दाबलं तसं दार उघडलं.

नवा चौकीदार शेडकडून धावत आला. "ए चाचा! कोण पाहिजे? हात बाहेर काढ!"

मुन्झिरने हात काढला. दार ओढून परत लावलं, कुलूप बसल्याचा आवाज आला तेव्हाच सोडलं.

"हँडलच्या बाजूला पत्रा लावून घे," तो म्हणाला. "जाळी मोठी आहे, बाहेरून हात पोचतो. चोर आले की हे लोक हँडलच काढून टाकतील."

"बरं. हाजींच्या कानावर घालतो."

"कानावर घालू नकोस. एवढा पत्रा तुझ्याकडेही असेल. आज लाव. अर्ध्या तासाचं काम आहे."

मुन्झिर तिथेच, समोरच्या फुटपाथवर, चौकीदार पत्रा आणेपर्यंत बसून राहिला.