मोगलाईतला पेट्रोलचा डबा

माझ्या अंगात कधी देवी आली नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या आली तर हातातलं काम टाकून मी बघायला गेले नाही. त्यामुळे या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचताना मला बऱ्याचदा हसूच येतं... रागावू नका! पण एक गोष्ट माझ्याही वाट्याला आली आहे. भूत नाही त्यात. माझे वडील आहेत.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं माहेर बीड जिल्ह्यात, नेकनूरजवळच्या एका वस्तीवर. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. सासर नगरला, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. आज सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं, पण तेव्हा तो परदेशच होता. जामखेड सोडलं की मोगलाईची हद्द, तिथे करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका, सामानाची झडती, उर्दू पाट्या, नाणंसुद्धा वेगळं. "आमची सून मोगलाईतली," असं सासूबाई अशा सुरात सांगायच्या, जसं काही मला समुद्रापलीकडून आणलंय.

हे नगरला एका वकिलांची मोटार चालवायचे. लग्नानंतर एकदा वकीलसाहेबांना बीडला काम निघालं, तेव्हा ह्यांनी त्यांची परवानगी काढून मला बरोबर घेतलं आणि मोटार थेट वस्तीवर नेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि मेंढीच्या पाठीवर ठेवावा तसा तिच्यावर हात ठेवला.

"ही खाती काय, जावईबापू?"

"पेट्रोल, मामा. तुमच्या मोगलाईत ते वाटेत कुठं मिळत नाही ना, म्हणून तुमच्या लेकीला वरचेवर आणता येत नाही."

खरं कारण साधं होतं. मोटार आमची नव्हती! पण ह्यांना सासुरवाडीत रुबाब करायची भारी हौस. आबांनी मात्र ते मनाला लावून घेतलं. बीडला जाऊन, कुणाकुणाच्या हातापाया पडून त्यांनी पेट्रोलचा एक सीलबंद डबा मिळवला, बैलगाडीतून घरी आणला आणि घोंगडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिला. त्या कोपऱ्याजवळ कुणाला विडीसुद्धा ओढू द्यायचे नाहीत. आणि नगरकडे निघालेल्या प्रत्येक माणसापाशी एकच निरोप असायचा, "गोदीला म्हणावं, तेल हाय घरी. ये."

तो निरोप आला की मी चुलीपुढे बसून रडून घ्यायचे. धुराचं निमित्त असायचं. बैलगाडीने जायचं तर किती दिवस मोडणार, सोबत कोण येणार, मागे घराचं कोण बघणार... अशी चार वर्षं गेली. आबांना बघायला जीव नुसता तुटायचा.

मग एके दिवशी निरोप बदलला. आबांवरून वारं गेलंय, एक बाजू लुळी पडलीय, वाचाही बंद आहे. असतील तोवर येऊन जा. मी वकीलसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. निरोप त्यांच्याही कानावर गेला होता. त्यांनीच ह्यांना सांगितलं, "मोटार घेऊन जा, पण परवा संध्याकाळी परत ये."

टाकी भरून घेतली, ती जुनी मोटार पेट्रोल फार खायची म्हणून एक जादा डबा पायदानावर दोरीने करकचून बांधला आणि आम्ही पहाटे निघालो. नाका ओलांडला, सौताड्याचा घाट चढला. वाटेत मी दोनतीनदा म्हटलं, "अहो, वास येतोय."

"मोटार आहे ही. तिला काय मोगऱ्याचा वास येणार?"

पाटोद्याच्या पुढे माळावर मोटार दोनदा खोकली आणि थांबली. ह्यांनी उतरून डबा हलवला तर तो रिकामा. तळाखाली अडकलेला खडा घासून घासून भोक पडलं होतं. माझं तोंड बघून हेच म्हणाले, "बोलून टाक एकदाचं!"

आमच्या त्या मोटारीची टाकी पुढच्या सीटखाली होती. पेट्रोल घालायचं तर माणसांनी उतरायचं, सीट उचलायची, झाकण काढायचं. मोजायला एक लाकडी पट्टी असायची. ह्यांनी पट्टी तळापर्यंत घातली, ती कोरडी ठणठणीत वर आली. मीही हात लावून बघितला.

"इथं पेट्रोल कुठलं? निदान रॉकेल तरी बघतो," असं म्हणून हे दूरच्या एका वस्तीकडे निघाले. मी पुढच्या सीटवर बसून राहिले. दुपारची वेळ, रस्त्याकडेला एक लिंब, बाकी लांबवर कुसळं. त्या सगळ्या माळावर माणूस नव्हतं. आबा तिकडे शेवटचे श्वास घेत असतील आणि मी इथे लाकडासारखी बसलेय, या विचाराने मला हुंदका फुटला. मोठ्याने म्हणाले, "आबा, निघाले हो मी... पण कशी येऊ?"

तेवढ्यात घोंगडीचा वास आला. ओल्या लोकरीचा, मेंढरांचा, आमच्या घरातला. मी मागे वळून बघितलं, खाली वाकून बघितलं. मेंढरू नाही, माणूस नाही. वास थोडा वेळ राहिला आणि गेला. मी सीटवरून उठले नाही, डुलकीही लागली नाही. देवाची शपथ घेऊन सांगते.

हे बाटलीभर रॉकेल घेऊन घामाघूम परत आले. मला उतरवलं, सीट उचलली, सवयीने पट्टी घातली. ती निम्म्याच्या वर ओली निघाली. ह्यांनी वास घेतला, पुन्हा घातली, पुन्हा बघितली.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"अगं, तुला उठवल्याशिवाय ओतलं कसं कुणी?"

मला काय माहीत! हँडल मारताच मोटार सुरू झाली.

दिवस मावळायच्या आत पोचलो. आई दारातच गळ्यात पडली. "दुपारपास्नं सांगाय लागलेत, गोदी येतीया म्हनून! आठ दिस वाचा न्हाई, अन् दुपारी एकाएकी बोललं बघ. गोदीची मोटार आडली, डबा आन, म्हनलं."

माझा भाऊ किसन शेजारीच होता. "म्या म्हनलं आबा, कावून पायजे डबा? तर लईच चिडलं. मग दिला बाजेजवळ ओढून. लई जड व्हता, आत डचमळत व्हतं."

डबा बाजेला टेकून उभा होता. आबांचा चालता हात त्याच्यावर होता. ह्यांनी डबा उचलला आणि तो एका हाताने सहज वर आला. सील जसंच्या तसं. उलटा करून बघितला, कडा चाचपल्या, उजेडात धरून भोक शोधलं. भोक नव्हतं. थेंब नव्हता.

मी आबांजवळ बसले. त्यांनी डोळे उघडले, माझा हात धरला. त्यांच्या तळहाताला पेट्रोलचा वास येत होता.

"तेल पुरलं का गं, माय?"

"पुरलं आबा."

"मंग ठीक हाय," म्हणाले. त्यानंतर बोलले नाहीत. रात्रभर हात सोडला नाही, आणि पहाटे सुटला तेव्हा मला कळलं.

पेट्रोल उडून जातं, असं ह्यांनी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. डब्यातलं उडालं असेलही. पण टाकीत कुठून आलं? यावर हे पाणी मागायचे आणि विषय बदलायचे. या गोष्टीचा उलगडा ना त्यांना झाला, ना मला झाला.

आता हेही नाहीत. त्या रस्त्याला पावलोपावली पंप झाले. माहेरी किसनची मुलं आहेत, बोलावतात, मी जातेही. मुलगा गाडी चालवतो. तो लिंब आला की मी त्याला थांबायला सांगते.

"आई, टाकी भरलेली आहे गं," तो म्हणतो.

असू दे, म्हणते. काच खाली कर आणि थांब जरा.