समुद्र सोडला, तळ्यावर मिटवा

मुडबीच्या मराठी शाळेतले गुरुशांतप्पा मास्तर तसे गरीब स्वभावाचे, पण निबंध तपासायला बसले की लाल पेनाने रक्तपात करायचे. यंदा प्रशिक्षणात त्यांना सांगितलं, रेघोट्या मारू नका. एकेका मुलाला समोर बसवा, ‘तुला काय म्हणायचंय?’ असं विचारा आणि स्वतः गप्प बसा. मास्तरांना हे फारच पटलं. आठवीची स्नेहा हुशार, पण सगळं गाईडातलं उतरवायची. तिच्या हातून एक तरी वाक्य तिचं स्वतःचं यावं, याचा त्यांनी ध्यास घेतला होता. म्हणून त्यांनी तिच्या घरी निरोप धाडला, उद्या शाळा सुटल्यावर स्नेहाच्या निबंधावर बसून बोलू.

आता मुडबीत एकट्यादुकट्याने बैठकीला बसायची रीत नाही. वाटणी असो की सोयरीक, आपल्या बाजूची माणसं लागतातच. स्नेहाचे वडील अंकुशराव भावकी घेऊन आले. गावचे जुने पंच कल्लप्पा अण्णा मधोमध मांडी घालून बसले. स्नेहाला जागा मिळाली दाराजवळ.

निबंध होता ‘माझा आवडता छंद’. स्नेहाने लिहिलं होतं, मला समुद्रकिनारी शंख गोळा करायला आवडतं. समुद्र त्या खोलीतल्या कुणाच्याही बापाने पाहिलेला नव्हता.

“तुला काय म्हणायचंय?” मास्तरांनी स्नेहाला विचारलं आणि ठरल्याप्रमाणे गप्प बसले.

“तिचं म्हणणं तेच हाय जे लिवलंय,” अंकुशराव म्हणाले.

मास्तर गप्पच. कल्लप्पा अण्णांनी आयुष्यभर बैठका केलेल्या. समोरचा गप्प बसला म्हणजे अडून बसला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“निम्मे शंख कमी करतो,” ते म्हणाले. “लेकराचं नुसकान कामून करायलाव, मास्तर?”

मास्तर तरीही गप्प. भावकीत कुजबुज झाली.

“बरं, समुद्र सोडला,” अंकुशराव जड आवाजात म्हणाले. “तळ्यावर मिटवा.”

“आन् शंखाच्या जागी गोगलगाई,” कल्लप्पांनी जोडलं. “ह्याच्या खाली आमी उतरत न्हाई.”

ह्या गडबडीत स्नेहाने वही ओढून एक ओळ लिहिली आणि मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी ती मोठ्याने वाचली. ‘मला काय आवडतं हे मला घरी कुणी विचारलेलं नाही.’

मास्तरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. “स्नेहा, हे तुझं तू लिहिलंस?”

“व्हय, तिचंच हाय,” अंकुशराव म्हणाले.

मास्तरांचं डोकं फिरलं. प्रशिक्षण गेलं खड्ड्यात. “अंकुशराव, मी तिला विचारायलोय!”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. स्नेहा उठून वडिलांसमोर उभी राहिली.

“अप्पा, तुमी समदे भायेर बसा. मला आनखी लिवायचंय.”

अंकुशरावांनी कल्लप्पांकडे पाहिलं. कल्लप्पा आधीच चपला शोधत होते. बैठक मोडली की उठावं, एवढं त्यांना कळत होतं. भावकी मुकाट्याने बाहेर पडली. मास्तर समाधानाने खुर्ची पुढे ओढून बसले आणि पुन्हा गप्प राहिले.

“सर,” स्नेहा म्हणाली, “तुमी बी.”

गुरुशांतप्पा मास्तर बाहेर येऊन पायरीवर अंकुशरावांच्या शेजारी बसले. इतका आनंद त्यांना उभ्या नोकरीत झाला नव्हता.