ऑपरेटरकाकांचा काळोख

ऑपरेटरकाकांना अंधाराचं भारी कौतुक. असणारच. माणसाची उभी हयात सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवण्यात गेली. खालच्या दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली, की मदतनिसाला मशीनजवळ उभं करून हे धडधडत जिना उतरायचे आणि डोअरकीपरवर डाफरायचे. पडदा काळा म्हणजे काळाच दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म. पुढे थिएटर बंद पडलं, मशीन भंगारात गेलं. सुंभ जळला, पण पीळ काही गेला नाही.

अशा माणसाच्या घरी मुलाने हौसेने भला मोठा टीव्ही आणून लावला. आईवडलांनी आता निवांत बसून जुने सिनेमे बघावेत, एवढाच त्याचा हेतू. काकांनी काय करावं? भरदुपारी खिडक्यांना जाड पडदे लावले, पडद्यांच्या कडेला चादरी खोचल्या, दाराखाली पायपुसणं कोंबलं. स्टॅबिलायझरचा इवलासा लाल दिवा, त्यालाही पट्टी चिकटवली. मग सिनेमा लागला, त्यात रात्रीचा प्रसंग आला आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यांत पांढुरके डाग. सांडलेलं दूध नीट न पुसल्यासारखे.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "काका, ह्याला उजेड मागून असतो. तो सगळीकडे सारखा पसरत नाही, कोपऱ्यांत थोडा झिरपतोच. ब्राइटनेस उतरवून देतो. पण तुम्ही एवढा गुडुप अंधार करू नका. टीव्हीच्या मागे एखादा दिवा ठेवा, डाग जाणवणार नाहीत."

"सिनेमा चालू असताना दिवा लावू?" काकांनी असं काही विचारलं की तो बिचारा चहा न घेताच निघाला.

त्यानंतर रोज तेच. सिनेमा सुरू झाला की काका उठायचे. मऊ फडक्याने कोपरे चोळ, मागचे स्क्रू जरा सैल कर, पुन्हा खुर्चीत बस, पुन्हा ऊठ. सिनेमा राहिला बाजूला. शेवटी त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, "संध्याकाळी ये आणि हे धूड परत घेऊन जा."

काकू आतून ऐकत होत्या. काकू तशा गरीब स्वभावाच्या, पण त्या दिवशी पदर खोचून बाहेर आल्या. "जाऊ दे परत. पण त्याआधी एक सिनेमा माझ्याशेजारी बसून पुरा बघायचा. लग्न झाल्यापासून एक तरी बघितलाय का आपण?"

खोटं नव्हतं ते. काकू दुपारच्या खेळाला यायच्या, पासावर, मागच्या रांगेत बसायच्या. काका वर केबिनमध्ये. छोट्या खिडकीतून त्यांना बायकोचा अंबाडा तेवढा दिसायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ह्यांचा पाय घरात ठरेल तर शपथ. आता म्हातारपणी वेळच वेळ होता, तर हे डाग पुसत बसलेले. काकूंना त्याचंच वाईट वाटत होतं.

थिएटरात सगळ्यात जास्त चाललेला सिनेमा काकूंनी लावला. मग आतून झोपायच्या खोलीतला दिवा आणून त्यांनी सरळ टीव्हीच्या मागे ठेवला. भिंतीवर मंद उजेड पसरला.

"अगं, हे काय करतेस?"

"हे थिएटर नाही, माझं घर आहे. बसा."

काका बसले, पण मांडीत काटा मोडल्यासारखे. रात्रीचा प्रसंग आला. डाग होते, पण शोधावे लागत होते. आता चोळायला काही उरलं नाही म्हणताना काकांनी मान वळवली, तर भिंतीवरच्या उजेडात काकूंचे ओठ हलत होते. नायिका बोलायच्या आधीच काकूंचं वाक्य पुरं होत होतं. इतक्या वर्षांत सिनेमा बघतानाचा हा चेहरा काकांनी कधी पाहिलाच नव्हता.

"तुला सगळं पाठ आहे?"

"तुम्हाला नाही?" काकूंना नवल वाटलं. "रोज तर ऐकायचात."

"छे गं. मशीनचा केवढा खडखडाट असायचा. आवाज बरोबर येतोय ना, एवढं बघायचो. शब्द कोण ऐकतंय?"

काकू हळूच म्हणाल्या, "आणि मी समजत होते, आपण दोघं मिळून ऐकतोय. एरवी एकाच सिनेमाला मी इतक्यांदा कशाला आले असते?"

काकांनी टेबलावरचा रिमोट काकूंच्या हातात दिला.

"पहिल्यापासून लाव," ते म्हणाले.

काकूंनी डोळे पुसले आणि त्या म्हणाल्या, "मग जरा जवळ सरकून बसा."