केशरबाईचा इंग्रजी शब्द

लढाईच्या काळात मेडशीचा शेषराव फौजेत खेचरं सांभाळायला होता. त्याचा गोरा साहेब संध्याकाळी बूट काढताना रोज एक शब्द म्हणायचा, "नॅकर्ड." म्हणजे पार दमलो. शेषरावनं तो गावी आणला, आणि त्याच्या बायकोच्या, केशरबाईच्या तोंडी त्याचं नाकड झालं. 'थकली' असं ती कधी म्हणत नसे. मजूर बाई तसं बोलली, तर उद्या तिला कामावर कोण बोलावणार? इंग्रजीत म्हणायला मात्र हरकत नव्हती. निंदणाहून आली की उंबऱ्यावर बसून म्हणे, "आज मी नाकड झाली बाप्पा," आणि घरात हसू पिके.

साहेबानं शब्दाचं मूळही सांगितलं होतं. त्याच्या मुलखात निकामी घोडे विकत नेऊन मारणारा माणूस असतो, त्याला नॅकर म्हणतात. घोडा त्याच्याकडे धाडण्याजोगा झाला, की तो नॅकर्ड. हे शेषरावनं बायकोला सांगितलं नाही. ती एवढी हसत होती, सांगावं कशाला?

बहात्तरचा दुष्काळ पडला. दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. उन्हाळा लागता लागता केशरबाईच्या अंगात ताप मुरला. तिनं कोणाला कळू दिलं नाही. एका दुपारी हातोडा खाली ठेवून ती म्हणाली, "मी नाकड झाली."

भोवतीच्या बाया हसल्या. शेषरावही हसला.

"उठा आता, मडमबाई," तो म्हणाला.

ती उठली. सुटी होईपर्यंत फोडत राहिली. घरी येताना वाटेत बाभळीखाली बसली आणि कलंडली. शेषरावनं तिला पाठीवर घेतलं. गावाची घरं दिसू लागली, तेव्हा तिचे हात त्याच्या गळ्यावरून सुटले.

आईच्या जागी थोरली भागिरथा कामावर जाऊ लागली. एका संध्याकाळी ती उंबऱ्यावर टेकली आणि बापाला जरा हसवावं म्हणून म्हणाली, "बाबा, मी नाकड झाली."

शेषराव तिच्याजवळ येऊन बसला.

"तसं म्हनू नको, माय. थकली म्हन."

"काहून?"

त्यानं तिला घोड्यांचं सगळं सांगितलं. भागिरथा ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मायले माहीत होतं का हे?"

"नाही," शेषराव म्हणाला. "मले माहीत होतं."

पोरगी गुडघ्यात तोंड घालून रडू लागली. तिला उठवायला त्याला धीर झाला नाही. तो आत गेला आणि चूल पेटवायला बसला.