रांगेतली मोकळी जागा

साहेबानं छडी पुढं केली, रांगेतल्या मोकळ्या जागेकडं रोखली आणि विचारलं, "इधर कौन था? किधर गया?"

कर्जतहून भिवपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यालगतचं मैदान. एका बाजूला खुर्च्या. खुर्च्यांवर आमचे हेडमास्तर, इनामदार, गावातले वकील. आम्ही पोरं रांगेत, आणि रांगेच्या डाव्या टोकाला मी. माझ्या आणि शेजारच्या पोराच्या मधे दोन माणसं सहज मावतील एवढी जागा. साहेब विलायतेतून नवा आलेला. त्याला वाटलं, तिथला पोरगा मधेच कुठंतरी उठून गेलाय.

"कौन था इधर?" त्यानं पुन्हा विचारलं.

खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. मग पोरं हसली. मी अटेन्शनमधे उभा. हनुवटी वर, छाती पुढं, नजर समोर. कान मात्र असे तापले होते की हात लावला असता तर भाजला असता. त्या जागेत कधीच कुणी नव्हतं. ती जागा माझ्या जातीसाठी सोडली होती. आम्ही महार. मैदानावर हे सगळ्यांना माहीत होतं, एक साहेब सोडून.

आता ही जागा आली कुठून, ते सांगतो.

मी आईच्या पोटात होतो तेव्हा माझा बाप पहिल्या महायुद्धात लढायला गेला. सरकारला माणसं कमी पडत होती, म्हणून महारांची पलटण उभी केली होती. लढाई संपली. गरज संपली. पलटण मोडली. बा पायातले बूट तेवढे घेऊन घरी आला. पुढं भिवपुरीला वीजघराचं काम निघालं, तेव्हा डोंगरावरून पाणी खाली आणणाऱ्या मोठ्या नळांच्या कामावर तो लागला, आणि काम संपल्यावर ते नळ रंगवायला राहिला. आम्ही तिथंच खाली झोपडीत राहायचो. पण बा पलटणीतून कधी परत आलाच नव्हता. सकाळी उठून अंथरुणाची घडी अशी चौकोनी घालायचा की आय म्हणायची, "गोधडी हाय ती, तंबू नाय."

डेहराडूनला फौजेसाठी देशी अधिकारी घडवणारी शाळा निघालीय, हे बानं वीजघरात कुणाकडून तरी ऐकलं. मी तेव्हा कर्जतच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या तयारीला लागलेलो. सगळं शिक्षण व्हरांड्यात बसून झालेलं. फळा दिसायचा नाही, मास्तर ऐकू यायचे. बा तडक हेडमास्तरांना भेटला. म्हणजे शाळेच्या पायरीखाली उभा राहिला आणि ते वरून बोलले. ते म्हणाले, "फौजी शाळेला तीन गोष्टी लागतात. शरीर, इंग्रजी आणि मोठ्या माणसाचा शब्द."

बा घरी आला तो उजळलेल्या तोंडानं. "पयल्या दोन आपल्या हातात हायेत," तो म्हणाला. "तिसरीचं मी बगतो."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. उजाडायच्या आत बा मला उठवायचा आणि कोंडाण्याच्या लेण्यांपर्यंत पळत पाठवायचा. चढण अशी की पोटातलं पाणी तोंडात यावं. परत आलो की दंड, बैठका, मग शाळा. आय वीजघराच्या साहेबांच्या क्वार्टरात अंगण झाडायची. तिथली जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं ती चुलीसाठी म्हणून मागून आणायची आणि चुलीत घालायच्या आधी मी ती मोठ्यानं वाचायचो. बाला एक अक्षर कळत नसे. तरी मी अडखळलो की त्याला कळायचं. "थांबलास का? पुन्ना म्हन."

एकदा त्यानं बांबूचा काटा कोरून आणला. अधिकारी हातानं जेवत नाहीत, हे त्यानं पलटणीत बघितलेलं. नाचणीची भाकरी काट्यानं खायची म्हणे. भाकरी तुटेना, काटा मोडला, कालवण मांडीवर. आय हसून हसून लोळली. बा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जाड बांबूचा काटा आणला. त्या माणसाच्या आशेची मला तेव्हा लाज वाटायची. आता तिचं काय करावं ते कळत नाही.

राहिला मोठ्या माणसाचा शब्द. कळंबला एक पेन्शनर सुभेदार होते. जातीनं मराठा, शेतीवाडीवाले. डेहराडूनला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांचा ते या मैदानावर वर्ग घ्यायचे. कवायत, धावणं, घोड्यावर बसणं. खर्च इनामदारांचा, कारण त्यांचा धाकटा मुलगा त्या वर्गात होता. जिल्ह्याचा साहेब येऊन पोरं बघणार होता आणि ज्याच्यावर त्याची मर्जी बसेल त्याचंच नाव वर जाणार होतं.

हे सुभेदार आणि माझा बा लढाईला जाताना एकाच बोटीवर होते. सुभेदारांना बोट लागली. चार दिवस माणूस अंथरुणाला खिळला, त्यांच्या पलटणीचेही तसेच पडलेले. त्यांना पाणी पाजलं ते माझ्या बानं. ते प्याले. समुद्रावर सगळे पितात. बानं हे गावात कधी बोलून दाखवलं नाही. सुभेदारांच्या दारी गेला तेव्हाही बोलला नाही. नुसता उभा राहिला. सुभेदारांना आठवलं असणार, कारण ते नाही म्हणाले नाहीत.

"यिऊ दे पोराला," ते म्हणाले. "पर दोन हात लांब उबं ऱ्हायाचं. न्हाईतर बाकीच्यांचे बाप पोरं काडून न्हेतील."

"दोन हातच ना?" बा म्हणाला. "ऱ्हाईल जी."

डेहराडून कितीतरी लांब. त्याच्यापुढं दोन हात म्हणजे काय? मलाही तसंच वाटलं. मी आनंदानं गेलो.

कवायतीत 'राइट ड्रेस' असा हुकूम असतो. रांग सरळ करायचा. मान उजवीकडं वळवायची, उजवा हात लांब करायचा, आणि मूठ शेजारच्याच्या खांद्याला टेकवायची. तेवढंच अंतर ठेवून रांग बांधायची. माझ्या उजवीकडं धाकटे इनामदार. माझी मूठ त्यांच्या खांद्याला कशी लागणार? सुभेदार म्हणाले, "तू हवेवर ड्रेस कर." मग मी मूठ हवेत टेकवायचो. रोज. उन्हात, चिखलात. हुकूम सुटला की बाकीची पोरं एकमेकांना भिडायची आणि माझी मूठ लोंबकळत राहायची. हळूहळू पायांनाच सवय झाली. डोळे मिटून उभा केला असता तरी मी तेवढंच अंतर सोडलं असतं.

सुभेदार शिकवायचे मात्र मनापासून. हे मी नाकारणार नाही. माझी चाल बघून एकदा म्हणाले, "बाच्या वर जाशील रं." त्या रात्री मला झोप लागली नाही. घोड्यावर बसायची पाळी आली की मात्र मला बाजूला काढायचे. खोगिराला विटाळ व्हायचा. घोडीला होत नसे. पोरांनी रपेट केली की घामेजलेली घोडी मी फिरवायची, नदीवर नेऊन धुवायची, खरारा करायचा. ती माझ्या खांद्यावर तोंड ठेवायची. त्या मैदानावर मला शिवणारी ती एकटीच.

तर साहेब आला त्या दिवशी ती जागा तशीच राहिली. पाय आपोआप थांबले. साहेबाला उत्तर मिळेना तेव्हा तो माझ्याकडं वळला आणि छडी हलवून म्हणाला, "तुम इधर आओ. पास आओ."

मी एक पाऊल उजवीकडं सरकलो. धाकटे इनामदार एक पाऊल पलीकडं सरकले. मी थांबलो. साहेब ओरडला, "और!" मी आणखी एक पाऊल. ते आणखी एक. त्यांच्या पलीकडचा त्यांच्यावर आदळला, त्याच्या पलीकडचा त्याच्यावर, आणि सगळी रांग वाकडीतिकडी झाली. खुर्च्यांमधलं हसणं थांबलं. इनामदार उठून उभे राहिले.

साहेबाचं तोंड लाल झालं. त्यानं सुभेदारांना विचारलं, "ये लड़का क्या है? इसको ड्रिल नहीं सिखाया?"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सांगतील. सांगतील की मीच याला लांब उभा केला. निदान सांगतील की हा महार आहे. तेही चाललं असतं. खरं तरी झालं असतं.

सुभेदार म्हणाले, "मंदबुद्धी है, साब."

साहेबानं छडीनंच मला रांगेबाहेर काढलं. मी पळून दाखवलं नाही. इंग्रजी बोलून दाखवलं नाही. मी बाहेर पडल्यावर रांग नीट जुळली, आणि पुढचं सगळं छान पार पडलं. मैदानाच्या कडेला बा उभा होता. ठेवणीतला कोट घालून आलेला. त्यानं सगळं बघितलं. आम्ही घराकडं निघालो. मला रडू येत होतं ते रागाचं होतं, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

काही दिवसांनी सुभेदार स्वतः नळांच्या कामावर आले. बा रंग देत होता. मी डबा धरून होतो. सुभेदार खालच्या वाटेवरूनच बोलले.

"धाकल्या इनामदारांचं नाव लागलं," ते म्हणाले. "इनामदार तितं बंगला घेनार. घोडी बी न्हेत्यात. मोतद्दार पायजे. ती तुज्या पोराला वळखती. धाड त्याला. शाळा बगंल, परेड बगंल. डेहराडूनच पायजे व्हतं ना तुला?"

मोतद्दार म्हणजे घोड्याची लीद काढणारा. ज्याच्या खांद्याला माझी मूठ चालत नव्हती, त्याच्या घोडीचा. बाच्या हातातला ब्रश थांबला. त्याच्या तोंडावर काय उमटलं ते मी बघितलं. आनंद उमटला. ते बघितलं आणि माझ्या आत काहीतरी कायमचं तुटलं.

"मी येनार नाय," मी म्हणालो.

"का रं?"

"मी मंद हाय ना? मंदाच्या हातात घोडी कशी देता?"

सुभेदार जरा गडबडले. "आरं, सायबाला काय सांगनार व्हतो? वर्ग बंद पडला असता."

"बोटीवर माज्या बाच्या हातचं पानी प्यालात," मी म्हणालो. "बोट बंद पडली नाय ती."

बानं माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. रंगाचा डबा खाली पडला, नळावरून रंग ओघळत गेला. सुभेदार वळले आणि वाटेला लागले. बा त्यांच्या मागं चार पावलं गेला आणि म्हणाला, "सुभेदारसायेब. मी आलो तर चालंल का?"

ते थांबले. चाललं.

रात्री मी बाला पुष्कळ बोललो. पलटणीत बंदूक धरली होतीस, आता त्यांची लीद धरणार? लाज वाटत नाही? बानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू जा म्हनलो तर जात नाय. मला एकदा परेड बगायची हाय रं. किती वरसं झाली." एवढंच. आय भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती झोपलेली नव्हती.

तो गेला त्या दिवशी मी कर्जत स्टेशनवर गेलो नाही. आय गेली. तिनं सांगितलं, धाकटे इनामदार पुढच्या डब्यात. घोडी मागं जनावरांच्या डब्यात, आणि तिच्याजवळ गवतावर बा, पलटणीतले बूट घालून. "लई खुशीत व्हता," आय म्हणाली. ते माझ्यानं सोसवलं नाही. रडत गेला असता तर सोसलं असतं.

पुढं काही बरं झालं असं समजू नका. माझं डेहराडून तिथंच संपलं. मॅट्रिकला बसलो नाही. बाच्या जागेवर नळ रंगवायला लागलो. तिथून खालचं मैदान दिसायचं. सुभेदारांचा वर्ग चालू होता. नवी पोरं होती, डाव्या टोकाला कुणी नव्हतं, रांग सरळ होती.

एकदा हेडमास्तरांनी बोलावणं धाडलं. भला माणूस. मला म्हणाले, "वय अजून गेलेलं नाही. सुभेदारांचे पाय धर. ते शब्द टाकतील. पुढच्या खेपेला बघू."

मी पायरीखाली उभा राहिलो नाही. पायरी चढलो, व्हरांडा ओलांडून थेट त्यांच्या खोलीत गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते मागं सरले, टेबलाला अडले. शिपाई धावत आला. त्यानं माझी मानगूट धरायला हात उचलला आणि मग त्याला आठवलं की मला शिवायचं नाही. हात तसाच वर राहिला.

मी म्हणालो, "मास्तर, शब्द मागायला मी आता कुनाच्या दारात जानार नाय. सुभेदारांच्या नाय, इनामदारांच्या नाय, सरकारच्या नाय. मला घ्यायचं तर पुढच्या फाटकातून घ्या, माज्या नावानं, माज्या जातीसकट. घोडीच्या मागनं मी आत येनार नाय. माज्या पोटी पोर झालं तर त्याला पन येऊ देनार नाय."

"मग बाहेरच राहशील जन्मभर," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

"ऱ्हाईन," मी म्हणालो.