नऊ पिल्लांच्या रक्ताचे आठ महिने

दीड महिना झाला. बालाघाटहून सकाळच्या गाडीने आलेला शेजारी तिरोडीला आमच्या दारातच थांबला. "सुमनबाई, डॉक्टरसाहेब गेले," एवढंच म्हणाला. डॉक्टरसाहेब म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंतदादा. गुरांचा डॉक्टर. सारी नोकरी त्याने एकाच दवाखान्यात काढली... की दवाखान्यानेच त्याला धरून ठेवलं, कोण जाणे.

नवा मध्यप्रदेश होऊन सहा-सात वर्षं झाली तेव्हा तो नागपूरहून शिकून नुकताच बालाघाटला लागला होता. मन नागपूरच्या कॉलेजात, अर्ज मात्र आता नव्या राजधानीला, भोपाळला. बकरीचं पिल्लू वाढतं तसं त्याचं रक्त कसं बदलतं, हे त्याला शोधायचं होतं. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या रक्तात साखर जास्त असते, पाला खायला लागलं की ती उतरते. फॉस्फरसही वयाबरोबर कमी होतं, प्रथिनं वाढतात. हे महिन्यामहिन्याने मोजून ठेवलं नाही तर चांगल्या पिल्लाला डॉक्टरच आजारी ठरवतील, असं तो जेवताना आईलासुद्धा समजावून सांगे. त्यासाठी नागपूरला पुढचं शिकायला रजा मागितली, तर 'बदली डॉक्टर उपलब्ध नाही' असं उत्तर आलं. मग त्याने एकाच पंधरवड्यात जन्मलेली नऊ पिल्लं आणून दवाखान्यामागे बांधली. दर महिन्याला मी पिल्लू मांडीत धरायची आणि तो मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचा.

आठव्या महिन्यात एक वरचे साहेब तपासणीला आले. वहीतले सुरुवातीचे आकडे त्यांनी मोठ्या बकरीच्या मापाशी ताडून पाहिले.

"ये तो सब बीमार हैं. हटाओ इन्हें."

"साहब, उम्र के साथ उतरता है. वही तो देख रहा हूँ," दादा म्हणाला. साहेबांनी वही मिटली.

दोन दिवसांत पिल्लं बाजारात गेली. खाटकाच्या हाती दोरी देण्याआधी दादाने तिथेच धुळीत बसून शेवटचं रक्त घेतलं. लोक हसत होते. मी धरलेल्या पिल्लाची धडधड अजून माझ्या तळव्यात आहे...

घरी येताना मी म्हटलं, "सोडून दे ना नोकरी. जाय नागपूरले."

"अन् बाबाच्या दवाईचं? तुह्या शिक्षणाचं?"

मला शिकायचं होतं.

मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन तिरोडीला आले. आईबाबा गेले. दादा दरवर्षी अर्ज करत राहिला, आणि गेल्या वर्षी, निवृत्ती तोंडावर आली तेव्हा, रजा मंजूर झाली. मी धावतच बालाघाटला गेले.

"कवा निघून राह्यला, दादा?"

"फॉस्फरस निळ्या रंगावरून मोजतेत, सुमन. कोणतं निळं गडद, कोणतं फिकं, मले आता दिसत नाही."

"काहून सांगितलं नाही?"

"सांगून तू काय केलं असतं?"

मागच्या आठवड्यात त्याची खोली आवरायला गेले. खिडकीतून गोंदियाची मोटार जाताना दिसते. राजेगाव ओलांडलं की महाराष्ट्र, पुढे नागपूरची वाट. त्याची खुर्ची मात्र खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. इतकी वर्षं तो तसाच बसत आला होता. मी खुर्ची फिरवली, बसले. एक मोटार गेली, मग दुसरी. उठताना ती पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.